अंगणात पुन्हा पुन्हा येणारा स्कंकचा वास आणि मेलेले प्राणी: कारण कसं शोधायचं, वास कसा घालवायचा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या पट्ट्यात ज्यांनी स्वतःचं घर आणि मागे थोडी बाग केली आहे, त्यांच्याकडून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. फेब्रुवारीच्या शेवटी मध्यरात्री झोपेतून उठवणारा वास येतो, स्कंक या मांजराएवढ्या काळ्या-पांढऱ्या प्राण्याने शेपटीखालून मारलेल्या फवाऱ्याचा. दोन दिवसांत तो कमी होतो, पाऊस पडला की परत येतो. जूनमध्ये तोच वास डेकखालून, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याखालून येतो आणि सप्टेंबरमध्ये लॉन जागोजागी उकरलेलं दिसतं. मग कोणी घरभर धूप फिरवतं, कोणी कापूर जाळतं, कोणी डेकखाली डांबरगोळ्या फेकतं. पुढच्या पावसाला पुन्हा तेच.

वास परत येण्यामागे दोन कारणं असतात. एक तर फवाऱ्यातलं रसायन जिथल्या तिथे असतं, आपण फक्त त्याच्यावर दुसरा वास चढवलेला असतो. नाहीतर स्कंकला आपल्या अंगणात खायला आणि राहायला मिळत असतं, त्यामुळे एक गेला तरी दुसरा येतो. दोन्हींवर उपाय आहेत आणि त्यांना फार खर्च येत नाही. पण आधी वास नेमका कशाचा आहे ते ओळखायला हवं.

आधी गॅसची शंका फेडून घ्या

हे सगळ्यात वर लिहितोय कारण यात जिवाचा प्रश्न आहे. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन मिसळतात, आणि स्कंकच्या फवाऱ्यातली द्रव्यंही त्याच कुळातली आहेत. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे बिनवासाच्या गॅसच्या गळतीने शाळेत भीषण स्फोट झाला, शेकडो मुलं आणि शिक्षक गेले, आणि त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. म्हणून वास बाहेरपेक्षा घरात जास्त असेल, शेगडी, बॉयलर किंवा मीटरजवळ वाढत असेल, तर ‘स्कंकच असेल’ म्हणून झोपी जाऊ नका. दिव्याचं बटण दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि घरापासून लांब जाऊन गॅस कंपनीला किंवा ९११ ला फोन करा. नंतर तो स्कंकच निघाला तरी कोणी तुम्हाला बोल लावणार नाही.

वास कशाचा आहे?

ताजा फवारा डोळ्यांना झोंबतो. जवळून हुंगला तर जळक्या रबरासारखा, घशात अडकणारा असतो. तासाभराने तो पसरतो आणि मग कुठून येतोय हे कळणं कठीण होतं. अशा वेळी पहाटे, वारा पडलेला असताना, घराला एक फेरी मारा आणि जमिनीलगत वाकून वास घ्या. डेकची जाळी, शेडच्या पायऱ्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचा कोपरा, बेसमेंटच्या खिडक्या या नेहमीच्या जागा. डेकखाली राबता असेल तर आत जायच्या भोकाच्या कडेला लाकडावर काळे-पांढरे राठ केस अडकलेले दिसतात आणि तिथली माती पोटाच्या घसटीने गुळगुळीत झालेली असते. हे एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

मेलेल्या स्कंकचा वास दुहेरी असतो. त्याच्या शेपटीखालच्या दोन ग्रंथी मेल्यावर सैल पडतात आणि द्रव झिरपत राहतो, वर सडण्याचा गोडसर, पोटात ढवळणारा वास चढतो. हिरव्या-निळ्या चमकदार माश्या एकाच जागी घोंघावत असतील तर तिथे शोधा. नुसताच सडका वास असेल, झोंबणारा नसेल, तर उंदीर, खार, ससा, ओपॉसम किंवा ग्राउंडहॉग मेलेला असण्याची शक्यता जास्त. ऊन असेल तर उंदराचा वास आठवड्या-दोन आठवड्यांत विरतो. ग्राउंडहॉग असेल तर महिनाही लागू शकतो.

आणखी एक शक्यता नमूद करतो. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर झाल्यापासून संध्याकाळी वस्तीत येणारे निम्मे ‘स्कंक’ शेजारच्या पॅटिओवरचे असतात. तो वास विशिष्ट वेळी येतो, वाऱ्याबरोबर जातो आणि जमिनीजवळ वाढत नाही.

धूप, व्हिनेगर, टोमॅटोचा रस का चालत नाहीत

स्कंकचा फवारा तेलकट असतो आणि त्यातली मुख्य द्रव्यं थायॉल म्हणजे गंधकाची संयुगं असतात. आपलं नाक त्यांना अब्जात काही मोजक्या भागांइतक्या प्रमाणातही पकडतं. हिंगाची डबी घासून ठेवली तरी वर्षभर वास मारते, तसाच हा प्रकार. हिंगाचा उग्रपणाही गंधकाच्या संयुगांतूनच येतो.

टोमॅटोच्या रसाने कुत्र्याला आंघोळ घालायचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. त्याने होतं काय, तर तासभर तोच वास घेऊन नाक थकतं आणि टोमॅटो तेवढा जाणवतो. बाहेरून आलेला माणूस दारातूनच नाक दाबतो. धूप-उदबत्तीचंही तेच. व्हिनेगरची वाटी घरातल्या हवेला थोडा उतार देते, पण पृष्ठभागावरचं तेल तसंच राहतं.

पावसानंतर वास परत का येतो, याचं उत्तरही रसायनातच आहे. फवाऱ्यात थायॉलबरोबर थायोअॅसिटेट नावाची द्रव्यं असतात. ती स्वतः फारशी वास मारत नाहीत, पण पाण्याशी संबंध आला की हळूहळू त्यांचे थायॉल होतात. म्हणून धुतलेला कुत्रा दोन आठवड्यांनी पावसात भिजला की पुन्हा घाण मारतो, आणि दमट रात्री डेक पुन्हा ‘ताजा’ होतो. दरवेळी नवा स्कंक आलेला असतोच असं नाही.

यावर उतारा म्हणजे थायॉलचं ऑक्सिडीकरण करणं, म्हणजे गंधकाला ऑक्सिजन जोडून वासच नसलेलं, पाण्यात विरघळणारं द्रव्य बनवणं. इलिनॉयमधल्या पॉल क्रेबॉम या रसायनशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये याची घरगुती कृती प्रसिद्ध केली आणि आजही तिच्या तोडीचं दुसरं काही नाही:

३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिली. खायचा सोडा पाव कप. भांडी घासायचा लिक्विड साबण एक ते दोन चमचे.

पेरॉक्साइड फार्मसीत तपकिरी बाटलीत मिळतं, ३२ औंसांची एक बाटली बरोबर पुरते. सोडा म्हणजे बेकिंग सोडा, बेकिंग पावडर नव्हे. उघड्या बादलीत एकत्र करा, फसफसायला लागेल, आणि फसफसत असतानाच वापरा. उरलेलं झाकण लावून ठेवायचं नाही. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. उरलं तर मोरीत ओता, पुढच्या वेळी नवं करा.

कुत्र्याला लावताना आधी पाणी घालू नका. कोरड्या अंगावर हातमोजे घालून हे चोळा, डोळे, कानाची आतली बाजू आणि तोंड वाचवा, पाच मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याने धुवा. गरज वाटली तर पुन्हा एकदा. काळ्या केसांचा रंग थोडा उतरू शकतो, त्याला इलाज नाही. डोळ्यांत फवारा गेला असेल तर आधी भरपूर साध्या पाण्याने डोळे धुवा. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा: कुत्रा मलूल झाला, हिरड्या फिकट दिसल्या, तर पशुवैद्याकडे न्या. क्वचित प्रसंगी फवाऱ्याने रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते.

डेक, व्हिनाइल साइडिंग, कचऱ्याचे डबे, बागेतली अवजारं यांनाही हेच मिश्रण. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा. काँक्रीटवर एक भाग क्लोरीन ब्लीच आणि नऊ भाग पाणी चालतं, पण ते झाडांवर उडू देऊ नका, आणि ब्लीच कधीही अमोनिया, व्हिनेगर किंवा या पेरॉक्साइडच्या मिश्रणाबरोबर वापरू नका. अमोनिया-व्हिनेगरबरोबर तर विषारी वायू होतात. कपडे वेगळे धुवा, साबणात अर्धा कप सोडा घाला आणि वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकू नका. घरात वास शिरला असेल तर घर गरम-गार करणाऱ्या फर्नेस-एसीचा फिल्टर बदला. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि वास महिनाभर फिरत राहतो.

मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर थेट फवारा पडला असेल तर तेवढी पालेभाजी उपटून टाकलेली बरी. मातीची चिंता नको. वरची दोन इंच माती उलटीपालटी करून उन्हाला लावली की आठवड्या-दोन आठवड्यांत निवळते.

मेलेला प्राणी सापडला तर

आधी एक प्रश्न विचारा: या प्राण्याचा माणसाशी किंवा कुत्र्या-मांजराशी संबंध आला का? चावला, ओरबाडलं, कुत्र्याने तोंडात धरला? अमेरिकेत स्कंक, रॅकून, कोल्हा आणि वटवाघूळ हे रेबीज पसरवणारे प्रमुख वन्य प्राणी आहेत. संबंध आला असेल तर शव पुरू नका, फेकू नका, आणि त्याच्या डोक्याला धक्का लावू नका, कारण रेबीजची तपासणी मेंदूवर होते. लगेच काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवा. माणसाला चावा असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कुत्र्याचं लसीकरण पूर्ण असलं तरी पशुवैद्य बहुधा बूस्टर देतात. इथे ‘उद्या बघू’ चालत नाही.

संबंध आलेला नसेल तर आधी टाउनशिपच्या अॅनिमल कंट्रोलला फोन करा. काही ठिकाणी ते येऊन उचलतात, काही ठिकाणी फक्त रस्त्यावरचे उचलतात आणि खासगी अंगणातलं तुमच्यावर असतं. हरणासारखा मोठा प्राणी स्वतः हलवू नका.

स्वतः उचलायचा झाला तर जाड हातमोजे, मास्क आणि लांब दांड्याचं फावडं घ्या. स्कंकला शेपटीने उचलू नका आणि पोटावर दाब देऊ नका, ग्रंथी रिकाम्या होतात. आधी मागच्या भागावर वर सांगितलेलं मिश्रण ओता, दहा मिनिटं थांबा, मग फावडं खालून सरकवून अलगद जाड पिशवीत घाला, ती दुसऱ्या पिशवीत. कचऱ्याच्या गाडीला चालतं का ते टाउनशिप सांगेल. पुरण्याला परवानगी असेल तर दोन-तीन फूट खोल पुरा, विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर. उथळ पुरलं तर दुसऱ्याच रात्री कोल्हा किंवा रॅकून उकरतो. कंपोस्टमध्ये तर कोणताही मेलेला प्राणी अजिबात टाकू नका.

शेडमध्ये मेलेले उंदीर आणि लेंड्या असतील तर झाडूने झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. डीअर माइस जातीच्या उंदरांच्या मलमूत्रातून हँटाव्हायरस पसरतो आणि तो धुळीबरोबर श्वासात जातो. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, सगळं ब्लीचच्या पाण्याने भिजवा, पाच मिनिटांनी ओल्या कागदाने पुसून घ्या.

वारंवार प्राणी मरून पडत असतील तर शेजारीपाजारी कोणी उंदराचं विष ठेवलंय का ते शांतपणे विचारा. विष खाल्लेला उंदीर स्कंक खातो, घुबड खातं. ग्रेट हॉर्न्ड आऊल हे मोठं घुबड स्कंकची शिकार करणाऱ्या मोजक्या प्राण्यांपैकी आहे. त्याला मारून आपण आपलीच अडचण वाढवतो.

बेसमेंटच्या खिडकीपुढचा खड्डा हीसुद्धा मरणाची जागा असते. स्कंकला नीट चढता येत नाही. आत पडला की तो तिथेच भुकेने मरतो, आणि वास थेट खिडकीतून घरात. जिवंत सापडला तर हळूच एक फळी तिरपी टेकवा, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोका किंवा जुना कार्पेटचा तुकडा लावा, आणि लांब व्हा. रात्री तो आपला आपण निघून जातो. खड्ड्यावर पारदर्शक झाकण बसवलं की हा प्रश्न कायमचा मिटतो.

तो तुमच्याकडेच का येतो

स्कंकचं वर्ष समजून घेतलं की तक्रारीच्या तारखा आपोआप उलगडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर मादीच्या शोधात लांब लांब हिंडतात, भांडणं होतात, नको असलेल्या नरावर मादी फवारा मारते, आणि रस्ता ओलांडताना सगळ्यात जास्त मरतातही तेव्हाच. मे-जूनमध्ये पिल्लं होतात, बहुधा चार ते सहा. ऑगस्टपासून पिल्लं स्वतः चरू लागतात आणि थंडीपूर्वी सगळेच अंगावर चरबी चढवण्याच्या मागे असतात.

लॉनमध्ये तीन-चार इंच रुंद, फनेलच्या आकाराचे खड्डे दिसले तर तो स्कंक हुमणी खातोय. एक फूट लांब-रुंद चौकोन कापून गवताची चटई उलटी करा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसेल. पाच-सहा असतील तर सोडून द्या. दहाच्या वर असतील तर उपाय करा. यातली बरीचशी जपानी भुंगेऱ्याची असते, जो अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ मध्ये न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनजवळ सापडला. आपल्या गुलाबाची आणि घेवड्याची पानं चाळणीसारखी करणारा हाच. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, संध्याकाळी, ओल्या जमिनीत हेटरोरॅब्डिटिस बॅक्टेरिओफोरा या सूत्रकृमी सोडा आणि पुढचे काही दिवस जमीन ओलसर ठेवा. त्या फक्त अळ्यांना लागतात, मुलांना आणि गांडुळांना अपाय नाही. जुलैत लॉनला रोज पाणी मारण्याची सवयही सोडा. भुंगेरे ओली जमीन बघूनच अंडी घालतात.

आता आपल्या घरांपुरतं एक. भाद्रपदात पितृपक्षात आपण कावळ्यासाठी घास बाहेर ठेवतो, एरवीही उरलेली पोळी-भात पक्ष्यांना म्हणून अंगणात टाकतो. पितृपक्ष नेमका सप्टेंबरच्या सुमारास येतो, म्हणजे स्कंक सर्वांत भुकेला असतो तेव्हा. प्रथा सोडायचं कारण नाही. कावळा दिवसा येतो, स्कंक अंधार पडल्यावर. घास ताटलीत ठेवा आणि उजेड असतानाच ताटली आत घ्या, सांडलेलं झाडून टाका. कंपोस्टमध्ये शिजवलेलं अन्न, तूप-तेल टाकू नका, अंड्याची टरफलंही धुऊनच टाका. पक्ष्यांच्या फीडरखाली पडलेले दाणे, मांजराची वाटी आणि सैल झाकणाचा कचऱ्याचा डबा हीही त्याला आमंत्रणंच असतात.

डेकखालची वस्ती हलवताना

मे ते जुलै काहीही बंद करू नका. आई बाहेर असताना भोक बुजवलं तर आत पिल्लं तडफडून मरतात. हे क्रूर तर आहेच, शिवाय त्यानंतरचा वास संपूर्ण उन्हाळा पुरतो. पिल्लं सुटी झाल्यावर, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. सलग तीन रात्री ते हलले नाहीत तर आत कोणी नाही. हलले तर एकतर्फी दार बसवा, ज्यातून बाहेर जाता येतं, आत येता येत नाही.

मग हार्डवेअर क्लॉथ नावाची अर्ध्या इंचाची जाड जाळी डेकच्या कडेने लावा. चर खणून ती जमिनीत आठ-दहा इंच उतरवा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला फूटभर आडवं वळवून वर माती टाका. स्कंक भिंतीलगत खणतो, खाली जाळी लागली की मागे सरून खणायचं त्याला सुचत नाही. कोंबड्यांची पातळ जाळी वापरू नका, दोन हिवाळ्यांत गंजते.

डांबरगोळ्या तर नकोच. त्यांची वाफ श्वासातून बाधते, मुलं त्या तोंडात घालू शकतात, आणि लेबलवर लिहिलंय त्याखेरीज अंगणात त्या टाकणं अमेरिकेत बेकायदा आहे. पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडणंही, रेबीजच्या भीतीने, अनेक राज्यांत बंद आहे. तशी वेळ आली तर परवानाधारक माणूसच बोलवा.

एरवी तो नुसता अंगणातून जात असेल तर जाऊ द्या. उंदीर आणि हुमणी खाणारा प्राणी आहे, उगीच फवारा मारत नाही. त्याच्याकडे जेमतेम पाच-सहा फवाऱ्यांचा साठा असतो आणि तो भरायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून आधी तो पुढचे पाय आपटून, शेपटी उभारून बजावतो. तेव्हा ओरडू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरा. फवारा दहा-पंधरा फूट पोचतो. रात्री कुत्र्याला बाहेर सोडण्याआधी मागचा दिवा लावून दोनदा टाळ्या वाजवा, थोडं थांबा, मगच दार उघडा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पट्टा लावूनच न्या.

जाळी बसवलेली असेल तर दरवर्षी जानेवारीत कोपरे एकदा वाकून तपासा. गोठण्या-वितळण्यात जमीन वर उचलली जाते आणि पायऱ्यांजवळ तीन-चार इंचांची फट पडते. तेवढी त्याला पुरते.